पाच अळ्यांचा उन्हाळा

परवा सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं, तर दाराच्या मुठीला एक पिवळा कागद अडकवलेला. शेतीखात्याचा. आमच्या भागात लिंबाच्या झाडांवर कसलीशी कीड सापडली आहे, तेव्हा अंगणातली लिंबं-संत्री कुणाला देऊ नका, रोपं इकडची तिकडे नेऊ नका, असं त्यात ठळक अक्षरांत. आणि खाली बारीक अक्षरांत कढीपत्त्याचंही नाव.

माझी नात रेवा खांद्यावरून वाकून वाचत होती. "आजी! दे आर टॉकिंग अबाउट युवर कढीपत्ता! यू आर फेमस!" म्हणून ती हसली आणि टोस्ट खायला आत पळाली. मी उंबऱ्यातच उभी. एकाहत्तर वर्षांची बाई, पण ती बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय दोनदा वाचली.

चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण अंग विसरत नाही. जुलै आला की इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोमधलं गवत पिवळं पडतं, दुपारी डांबराचा वास सुटतो, दूर कुठेतरी हेलिकॉप्टर घरघरतं आणि माझ्या तळहातांना घाम फुटतो. मुलगा म्हणतो, आई, बीपी चेक कर. मी करते. खरं सांगण्यापेक्षा बीपीची गोळी गिळणं सोपं.

एक्क्याऐंशी साली मी सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. रसायनशास्त्रात एम. एस्सी., तीही पहिल्या वर्गात. नवरा वर्षभर आधी इथे येऊन चिपच्या कंपनीत लागलेला. आमचे हे त्या वेळी पत्रात लिहायचे, "इथे सगळं मिळतं, फक्त तू आणि कढीपत्ता मिळत नाही." दुसरी कुणी असती तर पहिल्या शब्दावर लाजली असती. मी दुसऱ्या शब्दावर कामाला लागले.

माझी ताई तेव्हा नैरोबीत होती. भावजी तिथे एका कारखान्यात. अमेरिकेला जाताना तिच्याकडे तीन आठवडे राहून जायचं ठरलं. तिच्या बंगल्यामागे लाल माती, लिंबाची दोन झाडं आणि कढीपत्त्याचं हे एवढं झुडूप. सकाळच्या उन्हात त्याच्यावर काळी-पिवळी फुलपाखरं यायची. बसायची नाहीत, नुसती पंख थरथरवत कोवळ्या पानाला टेकायची आणि उडायची. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, किती सुंदर. आता मला माहीत आहे की ती मादी पायांनी पानाची चव घेत असते, पान पसंत पडलं की एकच अंडं ठेवते, मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि पुढच्या पानावर जाते. म्हणजे माझ्यासमोर, माझ्या चहाच्या वेळेला, सगळं चाललं होतं. आणि मी पहिल्या वर्गातली बाई 'किती सुंदर' म्हणत होते.

निघायच्या आदल्या दिवशी ताईने मुळांसकट दोन रोपं उपटून दिली. ओल्या फडक्यात गुंडाळली आणि विचारलं, "आता ठेवायची कशात?"

बाबांनी दिलेला पाच लिटरचा प्रेशर कुकर बॅगेत होताच. रोपं आडवी आत, वर एक जुना पंचा, वर झाकण. शिट्टी वेगळी, साडीच्या घडीत.

"पकडलं तर?" ताईने विचारलं.

"कुकरात कोण बघतंय?" मी म्हटलं. तेव्हाची ती मी आज समोर आली तर तिच्या दोन्ही कानांखाली वाजवीन. आणि मग जवळ घेईन, कारण पुढचे दोन महिने ती धड झोपणार नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरचा फॉर्म मला आजही दिसतो. फळं, झाडं, माती, कीटक, असं काही आणलं आहे का? मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. खूण करताना पेन दोनदा घसरलं. अधिकाऱ्याने बॅग उघडली. पापड वास घेऊन बाजूला ठेवले. मग दोन्ही हातांनी कुकर बाहेर काढला.

"व्हॉट्स धिस?"

"फॉर राइस," मी म्हटलं.

"हेवी," तो म्हणाला.

"इंडियन राइस," मी म्हटलं. याचा काय अर्थ होतो ते मला अजून कळलेलं नाही. त्यालाही कळलं नसावं. त्याने कुकर परत ठेवला, आणि मी त्या मोठ्या हॉलमधून बाहेर आले ती थेट नवऱ्याच्या छातीवर. हे बिचारे समजले, विरह.

क्युपर्टिनो तेव्हा असं नव्हतं. आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटसमोर जर्दाळूची बाग होती, अर्धी तोडलेली. तोडलेल्या अर्ध्यात एका कंपनीची काचेची इमारत उभी राहत होती. मागच्या अंगणात सगळ्यांचं मिळून एक लिंबाचं झाड. आणि मी आले त्या आठवड्यापासून हवेत एकच विषय होता: फळमाशी. कुठून तरी एक माशी आली होती, ती फळात अंडी घालत होती आणि अख्ख्या कॅलिफोर्नियाच्या फळबागा धोक्यात होत्या. हायवेवर गाड्या थांबवून डिक्कीत फळं आहेत का बघत. घरोघर माणसं येऊन झाडांवरची फळं उतरवून नेत. आणि लवकरच हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार होते, आमच्या डोक्यावरून. फवारणी सुरू झाली तसे लोक संध्याकाळी गाड्यांवर प्लास्टिक अंथरायचे आणि सकाळी खिडकीच्या काचेवरचे चिकट थेंब पुसायचे. दूध प्यावं की नाही, कपडे बाहेर वाळत घालावे की नाही, कुणालाच कळत नव्हतं. सगळं गाव आभाळाकडे बघत जगत होतं.

अशा गावात मी कुकरातून दोन रोपं घेऊन उतरले.

एक रोप मी ठेवलं, एक पेंढारकर काकूंना दिलं. काकू साठच्या दशकात आलेल्या. नवरा डॉक्टर, घर स्वतःचं, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. नव्या आलेल्या प्रत्येक मराठी मुलीला त्या पहिल्या शनिवारी जेवायला बोलवत आणि ग्रोसरी कुठे स्वस्त, बस कुठली, कुणाशी किती बोलावं हे सगळं एका बैठकीत शिकवत. रोप बघून त्यांनी त्याचं एक पान चुरगळलं, नाकाशी धरलं आणि खोल वास घेतला. मग म्हणाल्या, "कशातून आणलंस?"

"कुकरातून."

"शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. ते ऐकून मी फुलून गेले. आता वाटतं, तो टोमणा होता की कौतुक, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

माझं रोप स्वयंपाकघराच्या खिडकीत, दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात. चार-पाच दिवसांनी एका पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. काळपट, मधे पांढरा पट्टा. मी ओलं फडकं घेतलं. फडकं पानाला लावणार तोच डोक्यात आलं की खिडकी बंद आहे, स्वयंपाकघर बंद आहे, मग पक्षी आला कुठून?

मी वाकून बघत असताना ती विष्ठा चालायला लागली.

ओरडले नाही. शेजारी ऐकतील म्हणून पदर तोंडात कोंबला. पानं एकेक करून पालथी केली. एक, दोन, तीन, चार. टेबलावर त्याच दिवशी दारात पडलेलं पत्रक होतं, फळमाशीचं, त्यात अळीचं चित्र. माझ्या अळ्या त्या चित्रासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. पण घाबरलेल्या माणसाला चित्र कशाला लागतं? मला क्षणात सगळं उमगलं: कॅलिफोर्नियावर आलेलं हे संकट मी आणलं आहे. हायवेवरच्या तपासण्या, हेलिकॉप्टरं, लोकांच्या गाड्यांवरची प्लास्टिकं, सगळं माझ्या कुकरातून निघालं. माशी आदल्या वर्षीच सापडली होती आणि तेव्हा मी सदाशिव पेठेत प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते, हा साधा हिशेब पहिल्या वर्गात पास झालेल्या डोक्याला सुचायला तीन दिवस लागले.

रेवाला मी एकदा विचारलं, "तू कधी अशी घाबरली आहेस का, की डोकंच चालत नाही?" ती म्हणाली, "ऑर्गो मिडटर्म." ऑरगॅनिक केमिस्ट्रीची सहामाही परीक्षा म्हणे. तिचं खरं असेल. पण परीक्षेत नापास झालेल्याला देशाबाहेर काढत नाहीत.

माझी भीती तीच होती, देशाबाहेर काढतील ही. सप्टेंबरात आमचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू होता. आमचे हे प्रत्येक कागद तीन प्रतींत करणारे. जेवताना ते अधिकारी व्हायचे आणि मी उमेदवार.

"हॅव यू एव्हर गिव्हन फॉल्स इन्फर्मेशन टू अ गव्हर्नमेंट ऑफिसर?" ह्यांनी एकदा आमटी ओरपत विचारलं.

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"नो," मी म्हटलं.

"गुड. पण डोळ्यांत बघून म्हण गं. आमटीत बघून काय म्हणतेस?"

मी डोळ्यांत बघून म्हटलं. ह्यांनी मान डोलावली. मागे खिडकीत चार साक्षीदार पानं कुरतडत होते.

मारल्या का नाहीत, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारत होते. कचऱ्यात टाकाव्यात तर डब्यातून बाहेर पडून लिंबाच्या झाडावर जातील. टॉयलेटमध्ये सोडाव्यात तर पोहून कुठेतरी निघतील, असं मला खरंच वाटायचं. चिरडाव्यात, तर त्यासाठी हात लावायला हवा. एकदा लावला. तोवर ती अळी हिरवी झाली होती, विष्ठेचा वेश टाकून, करंगळीएवढी, गळ्याशी दोन डोळ्यांसारखे डाग. बोट लागताच तिच्या मानेतून नारिंगी रंगाची दुहेरी जीभ सर्रकन बाहेर आली. सापासारखी. आणि वास असा की सडक्या संत्र्यावर कुणी रॉकेल ओतावं. मी मागे सरले ती फ्रिजवर आपटले.

तेव्हा ठरवलं, त्यांना डोळ्यांसमोर ठेवायचं. डोळ्यांसमोर आहेत तोवर बाहेर नाहीत. आणि पातेल्यात रोप ठेवून वर पीठ चाळायची चाळण उपडी घातली. रोपाची पानं चार दिवसांत संपली. आता त्यांना खायला काय? दुपारी सगळे कामावर गेले की मी मागच्या अंगणात जायची, लिंबाची पाचसहा पानं ओढायची आणि ब्लाउजमध्ये खोचून परत यायची. ज्या झाडांचा नाश होईल म्हणून मी मरत होते, त्याच झाडाची पानं मी चोरून त्यांना भरवत होते. सकाळी उठल्यावर पहिलं काम, मोजणं. चार आहेत ना? चार. दुपारी पुन्हा. ह्यांच्या चहाआधी पुन्हा. लहान मूल असतं तर लोकांनी कौतुक केलं असतं.

ह्यांना चाळणीखाली काय आहे ते का दिसलं नाही? कारण ते स्वयंपाकघरात फक्त ताट घ्यायला यायचे. त्या पिढीच्या पुरुषांचे उपकार आहेत माझ्यावर.

शेवटी वाचनालयात गेले. तिथल्या बाईने फुलपाखरांचं जाड पुस्तक काढून दिलं. मी कोपऱ्यात बसून पानं उलटत होते आणि एका पानावर थांबले. काळपट तपकिरी पंख, त्यावर सायीच्या रंगाचे ठिपके, मागच्या पंखांवर निळे-तांबडे डोळे. नैरोबीच्या चहाच्या वेळचं फुलपाखरू. पाकोळीच्या शेपटीवरून इंग्रजीत ज्या घराण्याचं नाव पडलं आहे त्यातलं, पण याला शेपटीच नाही. सगळ्या आफ्रिकेत सापडतं. आणि आपल्याकडे लिंबावर, कढीपत्त्यावर जे येतं त्याचं चुलत भावंड. शेजारी अळीचं चित्र: आधी पक्ष्याची विष्ठा, मग हिरवी, मग ती नारिंगी शिंगं. ही शिंगं मुंग्यांना आणि माश्यांना घाबरवायला असतात म्हणे. एम. एस्सी. बायकांनाही पुरतात.

क्षणभर मला हसू आलं. फळमाशी नाहीच! मग खालची ओळ वाचली. आफ्रिकेत लिंबाच्या-संत्र्याच्या लहान रोपांचं नुकसान करणारी कीड.

आधीची भीती खुळी होती. ही खरी होती. पुस्तक बंद केलं तेव्हा माझ्या बोटांचे ओले ठसे कव्हरवर उमटले, आणि ते मी पदराने पुसले. गुन्हेगार पुसतात तसे.

आणि घरी येताना, बसमध्ये, उभ्या-उभ्या, आठवलं: रोपं दोन होती.

काकूंचं रोप बाहेर होतं. अंगणात. लिंबाच्या झाडाखाली.

त्या शनिवारी मी काकूंकडे बोलावणं नसताना गेले. त्या कणीक मळत होत्या. "मी जरा अंगण बघते हं," म्हणून मागे आले आणि कुंडीसमोर गुडघ्यांवर बसले. रोपावरची निम्मी पानं खाल्लेली. पण अळी एकही नाही, कोषही नाही. पान पालथं करून बघितलं, माती उकरून बघितली, लिंबाच्या फांद्या वाकवल्या. एखादीच असेल की चार, मला काय माहीत?

"काय शोधतेस गं?" काकू दारात. हाताला कणीक.

"कानातलं पडलं."

"दोन्ही कानांत आहे की."

मी गुडघ्यांवरची माती झटकली. काकूंनी झाडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी ती माणसं येणार आहेत, लिंबं उतरवायला. सगळी नेणार. हे झाड मी आमच्या संजूच्या वेळेला लावलं होतं." आणि हाताची कणीक सोलत आत गेल्या.

माझ्या चारही अळ्यांचे कोष तर वाचनालयाआधीच झाले होते; सोमवारी त्यांना दोन आठवडे उलटून गेले होते. फांदीला शेपटाने चिकटलेले, कमरेला रेशमाचा एक धागा, झाडावर चढणाऱ्या माणसाने दोर बांधावा तसा. दोन हिरवे, दोन वाळक्या काडीसारखे तपकिरी. ते हलत नव्हते म्हणून जास्त भीती वाटायची. खाणाऱ्या अळीचं काय चाललं आहे ते दिसतं. कोषात काय चाललं आहे ते कोण सांगणार? मी गॅसवर पाणी उकळत ठेवलं. सगळं रोपच त्यात बुडवायचं ठरवलं. पाणी उकळलं, वाफेने खिडकी धूसर झाली. मी चिमट्यात रोप धरून उभी राहिले आणि एक हिरवा कोष वाफ लागताच इकडून तिकडे वळवळला. मी गॅस बंद केला. त्या पाण्याचा चहा केला. साखर दोनदा घातली.

मंगळवारी सकाळी मी चाळण उचलून कोष बघत होते. एक तपकिरी कोष आता काळा दिसत होता, आणि त्याच्या भिंतीतून सायीच्या रंगाचे ठिपके. तेवढ्यात फोन वाजला.

"ये गं जरा," पेंढारकर काकू. "माणसं आली आहेत. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये आहेत. मला एकटीला बघवत नाहीये."

मी चप्पल घालून धावले. दोन ब्लॉक. चाळण ओट्यावरच राहिली.

काकूंच्या अंगणात तिघे होते. दोन पोरं शिडीवर, झाडावरची लिंबं पिशव्यांत टाकत होती, हिरवीसुद्धा. खाली एक उंच, भुऱ्या मिशांचा माणूस, खाकी शर्ट, हातात फळी, फळीवर कागद. काकू पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात धरला. कोण कोणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही.

तो मिशीवाला कुंडीपाशी थांबला. वाकला. मग गुडघ्यावर बसला आणि कुंडीच्या कडेच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. तिथे, मातीच्या वर चार बोटं, मी शनिवारी बघितलं नव्हतं तिथे, एक कोष.

"मॅम," तो म्हणाला, "धिस प्लांट. व्हेअर डिड इट कम फ्रॉम?"

माझ्या कानांत हेलिकॉप्टर सुरू झालं. आकाशात नव्हतं.

काकूंनी कुंडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही, पण त्यात सगळं छापलेलं असणार, कारण त्यांनी माझा हात सोडला आणि उभ्या राहिल्या.

"माय प्लांट. आय ब्रॉट इट," त्या म्हणाल्या. आणि मान न वळवता, मराठीत, जणू पोराला जेवायला बोलवावं अशा आवाजात: "गप्प बस. मी सिटिझन आहे. मला काय करणार आहेत?"

त्याने लिहिलं. "एनी मोअर लाइक धिस? एनीव्हेअर?"

"नो," काकू म्हणाल्या.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी एक खोटं स्वीकारलं होतं, आणि आता मी गप्प राहिले तर त्यांना न विचारता दुसरं त्यांच्या गळ्यात पडत होतं. शिडीवरच्या पोरांनी एक फांदी वाकवली, हिरवी लिंबं पिशवीत धपधप पडली. मला ह्यांच्या तीन प्रतींतल्या फायली दिसत होत्या. परतीचं विमान दिसत होतं. स्टेशनवर घ्यायला आलेले बाबा, आणि त्यांचा न विचारलेला प्रश्न. माझं तोंड उघडलं तेव्हा मी ते उघडलं असं म्हणवत नाही.

"फोर," मी म्हटलं. "इन माय किचन."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

तो माणूस माझ्याबरोबर चालत आला. दोन ब्लॉक.  किल्ली कुलपात जाईना, शेवटी त्याने ती घेऊन दार उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर चाळण. पातेल्यात रोप. रोपावर तीन कोष आणि एक रिकामं टरफल, फाटलेलं, कागदासारखं हलकं.

"वन्स आउट," तो म्हणाला.

खिडकी वीतभर उघडी होती. बाहेर चार हातांवर लिंबाचं झाड.

आम्ही दोघे तिथेच उभे. मला वाटलं, संपलं. आता कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक लिंबावर माझं नाव. मग त्याने हळूच हात लांब केला आणि माझ्या खांद्यावरून खिडकी खाली ओढली. पडद्याच्या घडीत, काचेपासून बोटभर अंतरावर, ते बसलं होतं. पंख अजून ओले. उघडत होतं, मिटत होतं. मागच्या पंखांवरचे ते निळे-तांबडे डोळे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

त्याने टोपी काढली. का, ते मला सांगता येणार नाही. "ब्यूटिफुल," तो म्हणाला. मग म्हणाला, "यू डोन्ट हॅव टू वॉच."

मी बघितलं. एवढे दिवस मोजलं होतं, शेवटचंही मोजायला हवं होतं. त्याने दोन बोटांच्या चिमटीत त्याची छाती धरली, इतक्या हलक्या हाताने की वाटलं नाडी बघतो आहे, आणि पंख शांत झाले. खिशातून त्रिकोणी घडीचा कागद काढला, त्यात ते ठेवलं. रोप, कोष, दह्याचा डबा, सगळं पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. एकटं एक फुलपाखरू काही करू शकत नाही, त्याने मला समजावलं, पण पाच असली तर नर-मादी दोन्ही असणार. तू सांगितलंस ते चांगलं केलंस. थँक यू. मी त्या 'थँक यू'च्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभी होते. पासपोर्ट दाखव, आमच्याबरोबर चल, असं काहीतरी. ते आलंच नाही.

त्याने फक्त त्या त्रिकोणी कागदावर पेन टेकवलं. गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. नमुना जपून ठेवतात म्हणे, आणि कोणाकडून मिळाला ते लिहावं लागतं.

"युवर नेम, मॅम?"

एवढं सगळं धैर्य करून झालं होतं. एवढंच राहिलं होतं. आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, काकूंचं खोटं निस्तरायला आलेली सत्यवचनी बाई, तोंड उघडलं आणि घाबरून सासूबाईंचं नाव सांगितलं. आमच्या आडनावासकट नाही, त्यांचं माहेरचं आडनाव लावून.

सासूबाई साताऱ्याबाहेर फारशा कधी गेल्या नाहीत. पासपोर्ट त्यांनी पाहिलाही नव्हता.

सप्टेंबरात इंटरव्ह्यू झाला. अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक हवामानाबद्दल. कार्ड आलं. ह्यांना मी सगळं अकरा वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून त्या उन्हाळ्यात मला एकदाही कढीपत्त्याची फोडणी मिळाली नाही!" काकू मला त्याबद्दल पुढे कधीच बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भाताची पेज घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "माझं मेलीचं खोटं छान जमलं होतं, तू मधे पचकलीस." आणि माझा हात धरून ठेवला.

काल दुपारी रेवा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. पिवळ्या कागदावरून विषय निघाला आणि मी तिला निम्मी गोष्ट सांगून बसले.

"वेट, सो धिस बटरफ्लाय इज इन अ ड्रॉवर समव्हेअर?" ती सरसावून बसली. "आजी, दे पुट ऑल दीज कलेक्शन्स ऑनलाइन नाउ! वी कॅन सर्च बाय नेम. व्हॉट नेम डिड यू गिव्ह?"

माझे तळहात ओले झाले. एकाहत्तराव्या वर्षी, नागरिकत्व घेऊन तीस वर्षं झालेली असताना, स्वतःच्या सोफ्यावर, नातीशेजारी.

"माझंच," मी म्हटलं. "दुसरं कुणाचं देणार?"

तिने टाइप केलं. खाली-वर केलं. आफ्रिका, कॅलिफोर्निया, लिंबू, सगळं घालून बघितलं. "देअर्स नथिंग," ती हिरमुसून म्हणाली. "मे बी दे लॉस्ट इट."

"असेल," मी म्हटलं आणि तिच्यासाठी पोहे करायला उठले.

तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून इथे लिहिलं.